काशीतील केमोथेरपी आणि घटत्या शिल्लकेचा हिशेब

मराठी माणसाचे काशीशी असलेले नाते जुने आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाच्या परिसरात मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदली. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले. ‘काशीवास’ हा शब्द आपल्याकडे आयुष्याच्या अखेरीशी जोडला गेला तो याच ओढीतून. शेवटचा श्वास काशीत घ्यावा, अशी इच्छा बाळगणारी मंडळी आजही आहेत. मात्र गेल्या काही वर्षांत या नगरीत रोज शेकडो माणसे नेमक्या उलट हेतूने येत आहेत. त्यांना जगायचे आहे. त्यांचा रस्ता घाटाकडे न जाता लहरतारा अथवा काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवाराकडे वळतो.

लहरतारा हे कबीराच्या जन्मकथेशी जोडले गेलेले स्थान. तेथील रेल्वेचे जुने कर्करोग रुग्णालय २०१८ साली टाटा मेमोरियल केंद्राच्या व्यवस्थापनाखाली आले आणि होमी भाभा कर्करोग रुग्णालय या नावाने नव्याने सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, विश्वविद्यालयाच्या परिसरात महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी पूर्व उत्तर प्रदेश व पश्चिम बिहारमधील असंख्य रुग्णांना महानगरी एक्सप्रेसने सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास करून मुंबईत परळला यावे लागे. निवारा न मिळाल्यास रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी पसरावी लागे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कित्येकांना आधार दिला. आता उपचार गावाजवळ आले आहेत. परंतु उपचार जवळ आले म्हणजे भीती दूर झाली, असे नाही. ‘केमो’ हा शब्द ऐकताच रुग्णाचा आणि नातेवाइकांचा धीर खचतो. अनेकजण उपचार सुरूच करीत नाहीत. त्याहून दुःखद गोष्ट म्हणजे, अनेकजण दोन-तीन फेऱ्यांनंतर बरे वाटू लागले म्हणून ते अर्धवट सोडून देतात. या दोन्ही निर्णयांमागे बहुधा उपचारांविषयीचे अज्ञान असते. म्हणून या उपचारांचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

पेशींचे विभाजन आणि औषधांचा मारा

केमोथेरपी म्हणजे रसायनोपचार. शस्त्रक्रिया गाठ कापून काढते आणि किरणोपचार शरीराच्या ठरावीक भागावर केले जातात. रसायनोपचारात मात्र औषध रक्तावाटे सर्व शरीरात फिरते, आणि जेथे सुरी व किरण पोहोचू शकत नाहीत तेथेही पोहोचते. मूळ गाठीपासून सुटून यकृतात, फुप्फुसात वा हाडात जाऊन बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींचा समाचार घेणे हे त्याचे मुख्य काम. सुश्रुतसंहितेची परंपरा काशीच्याच दिवोदास धन्वंतरीशी सांगितली जाते. त्या ग्रंथात अर्बुदाच्या चिकित्सेसंबंधी एक मार्मिक निरीक्षण आहे : दोषाचा अंश मागे राहिला तर अर्बुद पुन्हा वाढते. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण निघाली असतानाही डॉक्टर रसायनोपचार का सुचवितात, याचे उत्तर त्या निरीक्षणात आहे. काही वेळा मोठी गाठ लहान करून शस्त्रक्रियेस योग्य व्हावी म्हणून हे उपचार आधी देतात. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया प्रधान असते आणि रसायनोपचार बहुधा किरणांच्या जोडीला येतात. रक्ताच्या कर्करोगात मात्र कापण्याजोगी गाठच नसते. तेथे सर्व भिस्त औषधांवर. रोग खूप पसरलेला असल्यास तो आटोक्यात ठेवणे आणि वेदना कमी करणे एवढाच हेतू असतो. आपल्या रुग्णाला यांपैकी कोणत्या हेतूने उपचार दिले जात आहेत, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यावे. पुढचे सारे निर्णय, पैशाचेसुद्धा, त्या उत्तरावर अवलंबून असतात.

शरीरातील पेशी ठरावीक क्रमाने विभागतात. प्रथम आनुवंशिक द्रव्याची प्रत तयार होते, मग ती दोन भागांत वाटली जाते, आणि एका पेशीच्या दोन होतात. कर्कपेशी हा क्रम बेबंदपणे चालवितात. बहुतेक औषधे या क्रमातील एखाद्या पायरीवर घाला घालतात. मेथोट्रेक्सेट प्रत तयार करण्याची सामग्री तोडते. सिस्प्लॅटिन आनुवंशिक द्रव्याच्या धाग्यांना गाठी मारते. तर पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टिन विभाजनाच्या वेळी पेशी जिच्या आधारे द्रव्य वाटते, ती तंतूंची चौकट निकामी करतात. यांतील व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. मात्र त्यावरून सदाफुलीची पाने चावून खाण्याचा प्रयोग कोणी करू नये. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजली जाते आणि पानात किती विष आहे हे कोणी मोजलेले नसते.

औषध कर्कपेशी आणि चांगली पेशी असा भेद करीत नाही. ते वेगाने विभागणाऱ्या पेशींना गाठते. केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतील पेशीही वेगाने विभागतात. म्हणूनच केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. फरक एवढाच की निरोगी ऊती आपली झीज भरून काढण्यात कर्कपेशींपेक्षा तरबेज असतात. सारे उपचार या फरकावर उभे आहेत.

मुंबईतील गिरणीकामगार स्त्रिया आणि काशीला निघालेला मुलगा

या औषधांचा इतिहास भारतीय वाचकाने अवश्य जाणून घ्यावा असा आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश वैद्यक संशोधिका मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमधील एका घातक रक्तक्षयाचा त्या अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. रक्तपेशी तयार होण्यासाठी तो लागतो, हे सिद्ध झाले.

याच सुमारास येल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचे आंध्रातील संशोधक अमेरिकेत काम करीत होते. १८९५ साली भीमवरम येथे जन्मलेला हा मुलगा तेराव्या वर्षी घरातून पळाला होता. त्याला काशीला जायचे होते आणि यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हायचे होते. आईने त्याला परत आणले आणि शाळेत बसविले. त्या माउलीचे ऋण जगावर किती आहे, याचा हिशेब मांडणे कठीण. सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली लेडर्ले प्रयोगशाळेत फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले आणि त्यापाठोपाठ त्याच्याशी साधर्म्य असलेली, पण उलट परिणाम करणारी द्रव्येही तयार झाली.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना असे दिसले होते की रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना फॉलिक आम्ल दिल्यास रोग अधिकच भडकतो. मग त्याच्या विरोधी द्रव्याने तो शमेल काय? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेले अमिनोप्टेरिन त्यांनी मुलांना दिले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, रोग परतला. पण औषधाने हा रोग मागे हटतो, हे प्रथमच दिसले होते. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव निवर्तले. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. त्याच्या जोरावर १९५६ साली अमेरिकेत ली आणि हर्ट्झ यांनी गर्भवेष्टनापासून उद्भवणारा एक कर्करोग बरा करून दाखविला.

या कालक्रमात एक तारीख मनाला चटका लावते. ज्यांच्या स्मरणार्थ टाटा कुटुंबाच्या न्यासाने मुंबईत कर्करोग रुग्णालय उभारले, त्या मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्याच कर्करोगाने गेल्या. विल्सबाईंचा निबंध प्रसिद्ध झाला तेही हेच वर्ष. परळचे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले तेव्हाही या रोगावर एकही औषध नव्हते.

सहा फेऱ्याच का?

रुग्णाला सर्वांत जास्त पडणारा प्रश्न हाच. तीन फेऱ्यांतच गाठ दिसेनाशी झाली, मग उरलेल्या तीन कशासाठी? येथे बँकेशी व्यवहार असणाऱ्या वाचकास हिशेबाची भाषा उपयोगी पडेल. घसारा काढण्याची घटत्या शिल्लकेची पद्धत अनेकांना परिचित आहे : दरवर्षी मूळ किमतीवर नव्हे, तर उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के वजा करायचे. अमेरिकन संशोधक हॉवर्ड स्किपर यांनी १९६० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की औषधे कर्कपेशींचा नाश असाच करतात. प्रत्येक मात्रेत पेशींची ठरावीक संख्या मरत नाही. ठरावीक टक्केवारी मरते.

एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी असतात. समजा, प्रत्येक फेरीत ९० टक्के पेशी नष्ट होतात. पहिल्या फेरीनंतर १० कोटी उरतील, दुसरीनंतर १ कोटी, तिसरीनंतर १० लाख. दहा लाख पेशींचा पुंजका हाताला लागत नाही आणि स्कॅनवरही दिसत नाही. रुग्णाला वाटते, कर्ज फिटले. वस्तुतः पुस्तकात दहा लाखांची बाकी उभी असते. चौथ्या फेरीनंतर १ लाख, पाचवीनंतर १० हजार आणि सहावीनंतर १ हजार. प्रत्यक्षात हा हिशेब इतका सरळ नसतो; दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात उरलेल्या पेशी वाढतात, म्हणजे बाकीवर व्याज चढतच असते. काही पेशी औषधाला दाद देत नाहीत. त्यासाठी वेगवेगळ्या मार्गांनी मारा करणारी दोन-तीन औषधे एकत्र देतात. खतावणीतील घटती शिल्लक कधीच शून्य होत नाही हे खरे, परंतु अर्धी पेशी जिवंत राहत नाही, हा जीवशास्त्राचा दिलासा आहे. शिल्लक पुरेशी खाली आणली तर शून्य गाठता येते. मध्येच हप्ते थांबविले तर मात्र मुद्दल पुन्हा उभे राहते, आणि तेही बहुधा औषधाला सरावलेल्या पेशींचे.

मग फेऱ्यांमध्ये अंतर का ठेवतात? कारण शरीराला सावरण्यास वेळ हवा. अनेक औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि तिसऱ्या आठवड्याअखेर पूर्ववत होतात. एकवीस दिवसांचे चक्र येथून आले. औषधाची मात्राही प्रत्येकाची वेगळी असते. ती बहुधा उंची व वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळावर ठरते. १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ५५ किलो वजनाच्या व्यक्तीचे पृष्ठफळ सुमारे १.५६ चौरस मीटर भरते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या बाटलीशी आपली बाटली ताडून पाहण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

त्रास कोणता आणि सावधगिरी कोणती

पूर्वीच्या पिढीने पाहिलेल्या उलट्या आता त्या प्रमाणात राहिलेल्या नाहीत. ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधे आधीच दिली जातात. केस गळतात, ते बहुतेकांना उपचारानंतर पुन्हा येतात. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नव्हे. ज्यांना पुढे अपत्य हवे आहे अशा तरुण रुग्णांनी, स्त्री असो वा पुरुष, उपचार सुरू होण्यापूर्वी बीज जतन करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. हा प्रश्न संकोचापोटी राहून जातो आणि नंतर त्याला उत्तर उरत नाही.

एका लक्षणाची मात्र हयगय करू नये, आणि ते म्हणजे ताप. पांढऱ्या पेशी खालावलेल्या असताना १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप आल्यास ती तातडीची अवस्था समजावी. घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. संसर्ग रोखणाऱ्या सैन्याविना शरीर काही तासांत कोसळू शकते. याच कारणास्तव या दिवसांत उघड्यावरील कापलेली फळे, न उकळलेले पाणी आणि गर्दी टाळावी लागते. काशीत हा विषय नाजूक होतो. उपचारांसाठी आलेल्या रुग्णाला गंगास्नानाची आणि तीर्थ घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पेशी खालावलेल्या काळात नदीचे पाणी पोटात जाणे धोक्याचे असते, मग त्या नदीचे माहात्म्य कितीही असो. डॉक्टरांनी रक्ततपासणी पाहून अनुमती दिल्यावर सश्रद्धाने खुशाल काठावर जावे.

गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग देशाच्या अन्य भागांपेक्षा अधिक आढळतो. त्यावर दिल्या जाणाऱ्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाची एक गंमत, खरे तर गैरसोय, अशी की ते घेतल्यावर काही दिवस थंड वस्तूचा स्पर्श झाला तरी बोटांना व घशाला विजेसारख्या मुंग्या येतात. पौष महिन्यातील बनारसी गारठ्यात हातमोजे आणि कोमट पाणी हेच पथ्य. थंडाई नंतर कधीतरी.

तोंडाच्या कर्करोगाच्या, विशेषतः पान-तंबाखूमुळे जडलेल्या रोगाच्या, रुग्णांसाठी टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी एक महत्त्वाचे काम केले आहे. डोके व मानेच्या भागातील, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या कर्करोगात मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिबची रोज अशा स्वस्त गोळ्या घेणाऱ्या रुग्णांची तुलना सिस्प्लॅटिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांशी करण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने आणि इंजेक्शनवाल्यांचे ६.१ महिने आढळले. त्रासही गोळ्यांनी कमी झाला. आकडे लहान आहेत. परंतु ज्याला दर तीन आठवड्यांनी बलिया वा गाझीपूरहून मजुरी बुडवून यावे लागते, त्याला घरी बसून घेता येणारी गोळी आणि अधिकचे सहा आठवडे यांचे मोल कळते.

खर्च, प्रवास आणि बँकेचे व्यवहार

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता ते लागू झाले. उपचार सुरू होण्याआधीच कार्ड दाखवावे. खासगी आरोग्य विम्यात साधारणपणे २४ तास रुग्णालयात राहण्याची अट असते, परंतु रसायनोपचार दिवसाच्या दिवसात आटोपणाऱ्या उपचारांत गणले जात असल्याने त्यांना ती बहुधा लागू होत नाही. आपल्या पॉलिसीतील कलम वाचून घ्यावे. रेल्वेने उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णास शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण आणि सोबत्यास ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

एक बाब मात्र रुग्णालयात सहसा कोणी सांगत नाही. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधांनी बोटे बधिर होतात आणि सही बदलते. कॅपेसिटाबिन या गोळीने तळहातांची कातडी सोलवटते. काही रुग्णांच्या बोटांचे ठसे पुसट होतात, क्वचित नाहीसेच होतात. मग धनादेशावरील सही जुळत नाही आणि आधारच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. नेमक्या पैशाच्या गरजेच्या वेळी खातेदार स्वतःच्याच खात्याबाहेर उभा राहतो. यावर तरतुदी आहेत. आधार पडताळणीसाठी डोळ्यांचे बुबुळ, चेहरा अथवा मोबाइलवरील सांकेतिक क्रमांक यांचा पर्याय असतो. आजारी खातेदारास सही करता येत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अंगठ्याचा ठसा, तोही शक्य नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष घेता येतो. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या फेरीआधी शाखेत एक चक्कर मारणे. खाते एकट्याच्या नावावर असल्यास विश्वासू नातेवाइकाचे नाव जोडून ‘दोघांपैकी कोणीही अथवा उत्तरजीवी’ असा आदेश नोंदवावा, नामनिर्देशन तपासावे आणि मुदत ठेवींवरही हाच आदेश लिहून घ्यावा. मुदतपूर्व मोडावी लागणारी ठेव सहसा सर्वांत मोठी असते. ती छोट्या पावत्यांत विभागून ठेवल्यास गरजेपुरतीच मोडता येते. मोबाइल क्रमांक बदलला असेल तर तोही त्याच दिवशी अद्ययावत करावा, कारण सांकेतिक क्रमांक जुन्याच फोनवर जात राहतो.